दगडातून तेल काढणारा 'पॅराफिन' यंग

मी जामचा. आमच्या चौकात चंद्रपूरचे कोळशाचे ट्रक दिसले की मला जेम्स यंग आठवतो. ग्लासगोच्या सुताराचा हा पोरगा, जन्म १८११चा. दिवसा बापाच्या हाताखाली काम, रात्री रसायनशास्त्राचा वर्ग.

१८४७ मध्ये डर्बीशायरच्या कोळसाखाणीत तेल झिरपतंय, असं त्याला कळलं. ते शुद्ध करून तो दिव्याचं तेल नि वंगण विकू लागला. पण झरा आटायला लागला. मग पठ्ठ्याने ठरवलं, तेल आपणच काढायचं!

कोळसा खूप तापवला की गॅस होतो, हे सगळ्यांना माहीत होतं. यंगने बंद भट्टीत, हवा न देता, आच मंद ठेवली आणि वाफा थंड केल्या. झालं तेल! पेटंट १८५०चं. तो खास कोळसा संपत आल्यावर त्याने शेल धरला. शेलमध्ये तयार तेल नसतंच. केरोजेन नावाचा घन सेंद्रिय पदार्थ असतो. साधारण ३५० ते ५०० अंश सेल्सिअसला तो फुटून तेलाची वाफ होते. (जामचा काळा दगड भाजू नका, तो लाव्हाचा बेसाल्ट आहे!)

पेटंटपायी तो कोर्टात भांडत राहिला. मला जरा हावरटच वाटतो. पण मित्र लिव्हिंगस्टनच्या आफ्रिका मोहिमांना पैसाही त्यानेच पुरवला. १८८३ मध्ये तो वारला. स्कॉटलंडचा शेलधंदा १९६२ पर्यंत चालला. भाजलेल्या शेलच्या लालसर टेकड्या तिथे अजून उभ्या आहेत.