काळकर्ते शिवरामपंत परांजपे

मुळशी धरणाच्या पाण्याखालीं कित्येक मावळी गांवांचीं शेतें बुडालेलीं आहेत. त्या शेतकऱ्यांसाठीं तुरुंगांत गेलेल्या एका पत्रकर्त्याचें चरित्र येथें थोडक्यांत देत आहों.

शिवराम महादेव परांजपे ह्यांचा जन्म सन १८६४ सालीं महाड येथें झाला. संस्कृत विद्येंत ते निपुण होते. सन १८९७ सालीं 'केसरी'तील लेखांवरून टिळकांस राजद्रोहाची शिक्षा झाली, आणि पुढच्याच वर्षीं शिवरामपंतांनीं पुण्यास 'काळ' हें साप्ताहिक काढिलें. उघड बोलणें धोक्याचें होतें, म्हणून त्यांनीं वक्रोक्तीचा मार्ग धरिला. वरून पाहतां राज्यकर्त्यांची स्तुति असे, परंतु वाचणारास तींतील दोष नेमका कळे. भविष्यवादी नाथानानेंहि दावीद राजापुढें गरिबाच्या कोकरीची गोष्ट अशीच सांगितली होती. तींतील धनवानाला राजानें दोषी ठरविलें, आणि तो दोष आपलाच आहे हें मग त्यास कळलें. भेद इतकाच कीं दाविदानें पश्चात्ताप केला. सरकारनें खटला केला. सन १९०८ सालीं शिवरामपंतांस एकोणीस महिन्यांची शिक्षा झाली. सन १९१० च्या छापखान्याच्या कायद्यानें सरकारनें जबर जामीन मागितला, तेव्हां 'काळ' बंद पडला.

सन १९२० सालीं त्यांनीं 'स्वराज्य' पत्र सुरू केलें. इतक्यांत मुळशीस टाटा कंपनीच्या धरणासाठीं सरकार जमिनी घेऊं लागलें. मुंबईला वीज मिळणार, म्हणून ह्यास लोकहित म्हणत. ज्याचें भाताचें खाचर जाणार तो ह्यास अन्याय म्हणे. गोष्ट एकच, नांवें दोन. सन १९२१ सालीं सत्याग्रह सुरू झाला. गोष्टींतील कोकरी आतां खरोखरच नेली जात होती. शिवरामपंत त्यांत पडले, व सन १९२२ सालीं, उतारवयांत, सहा महिने तुरुंगांत राहिले. धरण थांबलें नाहीं. सन १९२९ सालीं ते वारले.

प्रिय वाचकहो, ते ख्रिस्ती नव्हते, व त्यांचीं सर्व मतें आपणांस मान्य होतील असेंहि नाहीं. परंतु खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा छापलेल्या शब्दासहि लागू आहे. गांवांत वर्तमानपत्र वाचून दाखविणाऱ्या उपदेशक बंधूंनीं प्रत्येक बातमीविषयीं दोन प्रश्न विचारावे: हें नांव कोणीं दिलें? आणि ज्याची कोकरी गेली, त्याला बोलूं दिलें आहे काय?