जहाजांची खबर ठेवणारा कॉफीवाला

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाकडे लोक दोनच कारणांसाठी येतात. एक, कर्ज कसे मिळेल हे विचारायला. दुसरे, जामीन राहता का हे विचारायला. गेल्या दिवाळीनंतर ओळखीतला एक तरुण असाच घरी आला. त्याला पुण्यात कॅफे काढायचा होता. फायलीत सगळे होते. यंत्राची किंमत, चिकमगळूरच्या बियांचा भाव, खुर्च्या, दिवे, जागेचे डिपॉझिट. कमी पडणाऱ्या रकमेपोटी आईचे दागिने तारण ठेवायचे ठरले होते. मी एकच विचारले. त्याच गल्लीत आधीच चार कॅफे आहेत, मग गिऱ्हाईक तुझी पायरी का चढेल? काका, आमची कॉफी चांगली असेल, असे तो म्हणाला. त्या चौघांनीही कर्ज काढताना हेच सांगितले असणार.

तेव्हा मला एडवर्ड लॉइड आठवला. आयात-निर्यातीच्या टेबलावर असताना सागरी विम्याच्या कागदांवर लॉइड्स हे नाव मी कितीदा वाचले असेल! मालाचे नुकसान झाले की पाहणीसाठी लॉइड्सच्या एजंटाला बोलवा, असे त्या कागदांवर छापलेले असे. हे नाव एखाद्या सरदाराचे किंवा सावकाराचे असावे, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. ते एका कॉफीवाल्याचे निघाले.

लॉइडचा जन्म १६४८ च्या सुमाराचा. लंडनमध्ये तो मोजे विणण्याच्या मागावर काम करणाऱ्यांच्या संघाचा सभासद होता. म्हणजे कॉफी हा काही त्याचा पिढीजात धंदा नव्हे. लंडनमधले पहिले कॉफीगृह १६५२ मध्ये पास्क्वा रोझे या माणसाने कॉर्नहिलजवळच्या एका बोळात काढले होते. पुढच्या काळात त्यांचे असे पेव फुटले की, तिथे बसून लोक राज्यकारभाराची उणीदुणी काढतात म्हणून दुसऱ्या चार्ल्स राजाने डिसेंबर १६७५ मध्ये ती बंद करण्याचे फर्मान काढले. ओरड एवढी झाली की काही दिवसांतच त्याला ते मागे घ्यावे लागले. एक पेनी टाकावी, पेला घ्यावा आणि वाटेल तितका वेळ बसावे, अशी रीत होती. पेला सगळीकडे सारखाच असे, वेगळी असे ती मंडळी. विल्सकडे ड्रायडनभोवती साहित्यिक जमत, तर जोनाथन्समध्ये शेअर दलाल.

लॉइडचे दुकान टॉवर स्ट्रीटवर होते. फेब्रुवारी १६८९ मधल्या लंडन गॅझेटात चोरीला गेलेल्या घड्याळांची एक जाहिरात आहे. खबर देणाऱ्याला लॉइडच्या कॉफीगृहात एक गिनी बक्षीस मिळेल, असे तीत म्हटले आहे. त्याच्या दुकानाचा हा सर्वांत जुना छापील उल्लेख. जागा थेम्सच्या काठाजवळ आणि जकातघरही जवळच, त्यामुळे बाकांवर येऊन बसत ते कप्तान, जहाजमालक आणि व्यापारी. जिभेच्या चवीपेक्षा आपले जहाज कुठवर पोचले याची चिंता या मंडळींना अधिक होती, हे लॉइडने हेरले. त्याचे मोठेपण मला तिथे दिसते.

डिसेंबर १६९१ मध्ये तो लोंबार्ड स्ट्रीटवर आला. पेढीवाल्यांचा तो रस्ता. रॉयल एक्स्चेंज हाकेच्या अंतरावर आणि टपालाचे मुख्य कार्यालय त्याच रस्त्यावर. लवकरच तो दर आठवड्याला एक पत्रक काढू लागला. कोणत्या बंदरात कोणते जहाज आले, कोणते सुटले, परदेशच्या बंदरांतून काय कळले, याची ती यादी होती. दुकानात एक उंच व्यासपीठ होते. त्यावरून जहाजांचे लिलाव पुकारले जात. इंचभर मेणबत्ती पेटवायची आणि ती विझण्याआधीची शेवटची बोली खरी धरायची, अशी पद्धत.

ते दिवस फ्रान्सशी लढाईचे होते. १६९३ मध्ये तुर्कस्तानच्या व्यापाराला निघालेल्या सुमारे ४०० जहाजांच्या ताफ्यावर फ्रेंचांनी झडप घातली आणि ९० च्या आसपास जहाजे गेली. अशा काळात बातमी म्हणजे रोकड. धोका पत्करणारे श्रीमंत लोक विम्याच्या कागदावर मजकुराखाली आपापला हिस्सा लिहून सही करीत. अंडररायटर हा शब्द त्यातूनच आला. या सह्या लॉइडच्या टेबलांवर होत. त्याने स्वतः विमा कधी उतरवला नाही. टेबल, दौत, कॉफी आणि खबर एवढेच तो देई. एका जहाजात त्याचा पैसा असता, तर दुसऱ्याच्या जहाजाविषयीच्या त्याच्या बातमीवर विश्वास कोणी ठेवला असता?

एकदा मात्र त्याचा तोल गेला. सप्टेंबर १६९६ पासून त्याने आठवड्यातून तीनदा निघणारे लॉइड्स न्यूज सुरू केले आणि जहाजांबरोबर इतर बातम्याही घातल्या. उमरावांच्या सभागृहाविषयीची एक बातमी निराधार ठरली. दुरुस्ती छापण्यास सांगण्यात आले, तेव्हा फेब्रुवारी १६९७ मध्ये त्याने पत्रच बंद केले आणि तो आपल्या जहाजांकडे परतला.

१५ फेब्रुवारी १७१३ रोजी तो वारला. मृत्यूच्या थोडे आधी त्याच्या मुलीने दुकानातल्या मुख्य वेटरशी लग्न केले होते. धंदा त्याच्या हाती गेला. १७३४ मध्ये तिथून लॉइड्स लिस्ट निघू लागली. कागदावरचा तिचा शेवटचा अंक निघाला तो २०१३ मध्ये. १७७४ मध्ये विमेकऱ्यांनी रॉयल एक्स्चेंजमध्ये बिऱ्हाड हलवले आणि कॉफी मागे पडली. लॉइड्सच्या गणवेशधारी सेवकांना मात्र अजूनही वेटरच म्हणतात.

या गोष्टीला एक काळी किनार आहे. त्याच टेबलांच्या परंपरेत पुढे अठराव्या शतकात गुलामांनी भरलेल्या जहाजांचे विमे उतरले. जहाज पोचले का, एवढेच तिथे पाहिले जाई. आत माणसे कोंडली आहेत, हे कोणी पाहिले नाही. जून २०२० मध्ये लॉइड्सने याबद्दल जाहीर माफी मागितली. गिऱ्हाइकाची गरज ओळखणे हा धंद्याचा गुण खरा, पण ती गरज कशाची आहे हे न विचारणे हा गुण नव्हे.

त्या तरुणाला मी एवढेच सांगितले, की दागिने तारण ठेवण्याआधी आठ दिवस त्या गल्लीत नुसता उभा राहा. सकाळ-संध्याकाळ कोण जाते-येते, कुणाला बसायला जागा हवी आहे, कुणाला बोलायला माणूस आणि कुणाला कसली खबर, हे वहीत मांड. यंत्राची किंमत नंतर पाहू. तो फाईल घेऊन गेला. वही अजून त्याने दाखवलेली नाही, पण आईचे दागिनेही अजून घरातच आहेत. आमच्या खात्यात मी ते जमेच्या बाजूला लिहिले आहे.