देवाच्या दरबारातील कवी

नाताळ आता आपल्या ओळखीचा झाला आहे. खिडकीत लटकणारा कागदी तारा आणि शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडून आलेले फराळाचे ताट यांमुळे त्या सणाची चाहूल आपल्याही घरात लागते. ईस्टरचे तसे नाही. तो उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो, पहाटेच्या उपासनेने सुरू होतो आणि बाहेरच्या माणसाला कळण्यापूर्वी आटोपतोही. वास्तविक ख्रिस्ती भाविकाच्या दृष्टीने वर्षातला सर्वांत थोर दिवस हाच होय.

या दिवसामागची कथा अशी. जेरुसलेम नगरीत रोमन सुभेदार पिलात याच्या हुकुमाने येशूला क्रुसावर खिळण्यात आले. तत्पूर्वी शिपायांनी त्याची यथेच्छ विटंबना केली. त्याला जांभळे वस्त्र पांघरले, काट्यांचा मुकुट मस्तकावर दाबला, राजदंड म्हणून हाती वेत दिला आणि त्याच्यापुढे गुडघे टेकून मुजरे केले. क्रुसावर इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत पाटी लावली, की हा यहुद्यांचा राजा. सारे काही थट्टेने चालले होते. परंतु तिसऱ्या दिवशी पहाटे कबरेपाशी गेलेल्या स्त्रियांना कबर रिकामी आढळली आणि त्यानंतर चाळीस दिवस शिष्यांना त्याचे दर्शन घडत राहिले. मग तो स्वर्गारोहण करून पित्याच्या उजव्या हाताशी आसनस्थ झाला, असे ख्रिस्ती शास्त्र सांगते. शिपायांनी ज्याला खोटा राजा ठरवून हसावे, तोच खरा राजा ठरावा आणि त्याचे राज्य आजही चालू असावे, ही ती श्रद्धा आहे.

देवाला राजा म्हणण्यात आपल्याला नवल वाटण्याचे कारण नाही. विठोबाला आपण पंढरीचा राणा म्हणतो. भरताने चौदा वर्षे ज्या सिंहासनाचा सांभाळ केला, त्यावर पादुका होत्या. राज्य रामाचेच चालले होते, ही कथा आपल्या घराघरांत लहानपणीच कानी पडते. म्हणूनच या श्रद्धेचे मर्म समजून घ्यायचे तर दूरदेशीच्या एखाद्या संताचे चरित्र धुंडाळण्याची गरज नाही. आपल्याच मातीतल्या, आपल्याच अभंगांवर वाढलेल्या एका पुरुषाने ही गोष्ट इतकी खरी मानली की, आयुष्याच्या अखेरीस त्याने त्या राजाचा दरबार मांडला. त्याचे नाव नारायण वामन टिळक.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि स्वभावाने अत्यंत कडक होते. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. नारायणाच्या कवित्वाचे मूळ या माउलीत होते. परंतु तिचे छत्र लहानपणीच हरपले. आईवाचून त्या घरात मन रमेना, तेव्हा पोराने नाशिकची वाट धरली. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी संस्कृताचे अध्ययन घडले. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची कन्या त्यांना पत्नी म्हणून लाभली. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. महाराष्ट्र तिला पुढे ‘स्मृतिचित्रे’कर्त्या लक्ष्मीबाई म्हणून ओळखू लागला.

त्यानंतरची दहा-बारा वर्षे भ्रमंतीची गेली. कोठे शिक्षकी, कोठे पुराण-कीर्तन, कोठे आणखी काही. एका गावी संसार रुजतो न रुजतो तोच हा गृहस्थ दुसऱ्या गावी निघालेला असे. पैसा हाती टिकत नसे. घरातले काही कोणाला देऊन टाकावे आणि त्याचा विसरही पडावा, अशी त्यांची रीत होती. अशा माणसाच्या पत्नीने काय सोसले असेल, ते लक्ष्मीबाईंनी हसतहसत लिहिले आहे. वाचणाऱ्याला मात्र मधूनच हसू आवरते घ्यावे लागते. या सगळ्या वणवणीत टिळकांच्या मनाला एकच ध्यास होता. ज्यात जातिभेद नाही आणि जो देशाला एकत्र बांधू शकेल, असा धर्म त्यांना हवा होता. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत असतानाही हा शोध थांबला नव्हता.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीच्या डब्यात त्यांची एका गोऱ्या गृहस्थाशी गाठ पडली. काव्यावर बोलणे झाले, धर्मावर झाले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना त्यात काही तथ्य वाटले नाही. परंतु पुस्तक वाचण्याचे वचन दिले होते, म्हणून ते वाचू लागले आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थबकले. शत्रूवर प्रेम करा, असे सांगणारी ती पाने त्यांना सोडवेनात.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी, रविवारी, मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला.

या प्रसंगापाशी चरित्रकाराने घाई करू नये. टिळकांच्या दृष्टीने तो आनंदाचा दिवस होता. जलालपूरच्या घरात मात्र त्या वार्तेने कोणी मेल्यासारखा आकांत उसळला. लक्ष्मीबाई तेव्हा सव्वीस वर्षांच्या होत्या, पदरी लहानगा दत्तू होता. नवरा जिवंत आहे, कुंकू पुसायचे नाही, पण नांदायला घर नाही, अशी ती स्थिती. बहीण आणि मेहुणे यांच्या आधाराने त्यांनी या काळातील काही दिवस पंढरपुरात काढले. एका बाजूला विठोबाचे राऊळ आणि दुसऱ्या बाजूला परधर्मात गेलेल्या पतीची पत्रे. टिळकांनी पत्नीशी विचारविनिमय न करता पाऊल उचलले, हा दोष त्यांच्या पदरी घातलाच पाहिजे. त्यांच्या थोरवीने तो झाकला जात नाही. मात्र त्यांनी दुसरे लग्न केले नाही, पत्नीवर जबरदस्ती केली नाही आणि वाट पाहिली, हेही तितकेच खरे.

सुमारे पाच वर्षांनी लक्ष्मीबाई नगरला परतल्या. आल्या त्या आपले सोवळे आणि आपली स्वतंत्र चूल घेऊनच. एकाच संसारात दोन स्वयंपाक, दोन पाणी. टिळकांनी त्याला हरकत घेतली नाही. उलट तिच्यासाठी पाणी कोण भरणार याची व्यवस्थाही पाहिली. पुढे लक्ष्मीबाईंच्याच मनात एके दिवशी प्रकाश पडला, की जाती देवाने केल्या नसून माणसांनी केल्या आहेत, आणि त्यांनी आपल्या हाताने सोवळ्याचे ओझे खाली ठेवले. १९०० साली त्यांनी आणि दत्तूने बाप्तिस्मा घेतला. तो दुष्काळाचा काळ होता. आईबापांवेगळ्या झालेल्या पोरांना या घराचे दार उघडे असे.

नगरला अमेरिकन मिशनच्या कार्यात टिळक रमले. १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादकत्व त्यांच्याकडे आले. ‘वनवासी फूल’ आणि ‘सुशीला’ यांचा हा कवी ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकांनाही आपला वाटत असे. पाखराच्या व्यथेवरील त्यांची कविता शाळकरी मुलांच्या कैक पिढ्यांनी डोळे पुसत पाठ केली. बालकवी ठोंबरे तर नगरला त्यांच्या घरातलेच एक झाले होते. आणि उपासनामंदिरात? तेथे तोवर परदेशी चालींवर बेतलेली गीते म्हटली जात. टिळकांनी त्या जागी अभंग, भजन आणि कीर्तन आणून बसवले. त्यांची दोनशेहून अधिक पदे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांच्या मुखी रुळली. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणी आलो, असे ते मोकळेपणाने सांगत. ज्याला सोडून आलो त्याची निंदा करण्याची जी सवय नवदीक्षितांत पुष्कळदा आढळते, ती त्यांच्यात नव्हती.

त्यांच्या ख्रिस्तभक्तीचे वैशिष्ट्य येथेच पाहावे. ख्रिस्त त्यांना गुरू होता, माउली होती, सखा होता. संतांनी विठ्ठलाला जी जी नाती लावली ती सारी त्यांनी ख्रिस्ताला लावली. ही नाती मेलेल्या माणसाशी लागत नाहीत. एखाद्या होऊन गेलेल्या थोर पुरुषाची शिकवण पाळणे वेगळे आणि जिवंत धन्याची चाकरी करणे वेगळे. पहिल्यात माणूस ग्रंथ उघडतो. दुसऱ्यात त्याला रोज सकाळी हजर व्हावे लागते. टिळकांच्या लेखी ईस्टर म्हणजे ही हजेरी होती. कबरेतून उठलेला प्रभू आजही राज्य करीत आहे, तर त्याच्या सेवकाने दुसऱ्या कोणाचे वेतन घेऊन त्याची कामे कशी करावीत, हा प्रश्न त्यांना उतारवयात छळू लागला.

या प्रश्नाला तत्कालीन परिस्थितीचीही धार होती. मिशनचा पैसा परदेशातून येई आणि पैशाबरोबर अधिकारही तिकडूनच येई. हिंदी ख्रिस्ती माणूस आपल्याच देशात परका दिसतो, याचे टिळकांना तीव्र दुःख होते. ते जाज्वल्य देशभक्त होते आणि धर्मांतराने आपले देशाशी नाते तुटले, हे त्यांनी कधीही मान्य केले नाही. मिशनमधील अनेक परदेशी मित्रांवर त्यांचा लोभ होता. तरीही राजा एक आणि दरबारी थाट दुसऱ्याचा, ही विसंगती त्यांना सहन होईना.

१९१७ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षाकडे झुकताना, टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडली. या निर्णयामागे ख्रिस्ताचा प्रत्यक्ष आदेश आहे, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी एक प्रकारचा संन्यास पत्करला. प्रकार म्हणायचे ते अशासाठी, की पत्नी आणि कुटुंब त्यांनी टाकले नाही. टाकली ती मिळकतीची शाश्वती. ते सातारा येथे जाऊन राहिले आणि तेथे त्यांनी एक बंधुसंघ स्थापन केला. त्याला नाव दिले ‘देवाचा दरबार’.

त्या वर्षांत दरबार हा शब्द उच्चारताच लोकांच्या डोळ्यांपुढे १९११ सालचा दिल्लीचा दरबार उभा राहत असे. बादशहा पंचम जॉर्ज सिंहासनावर आणि संस्थानिक ओळीने मुजऱ्याला, असे ते दृश्य. साताऱ्याला तर या शब्दाची आणखी एक आठवण होती. छत्रपतींची ही राजधानी. तिचे राज्य १८४८ साली इंग्रजांनी खालसा केले. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी जेथे दरबार सुना झाला होता, तेथे एका कफल्लक कवीने काट्यांच्या मुकुटाच्या राजाचा दरबार भरवावा, हा योगायोग असेलही. परंतु मनात घर करून राहतो खरा.

या दरबाराचे दार फार रुंद होते. बाप्तिस्मा घेतलेल्यांप्रमाणेच न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती. जो ख्रिस्ताला धनी मानतो तो दरबारी. त्याने आपले घर, आपली माणसे, आपला वेष सोडलाच पाहिजे, अशी अट नव्हती. मंडळीतल्या कित्येक जुन्या मित्रांना ही कल्पना धोक्याची वाटली. बाप्तिस्म्यावाचून ख्रिस्ती कसा, असा त्यांचा आक्षेप आणि तोही निराधार म्हणता येणार नाही. टिळकांचे उत्तर राजाकडे बोट दाखवणारे होते. दरबारात कोणाला घ्यायचे ते सिंहासनावर बसलेला ठरवील, द्वारपालाने ठरवू नये. स्वतः त्यांनी बाप्तिस्म्यापायी घरदार गमावले होते, हे ध्यानी घेतले म्हणजे या उत्तराचे मोल कळते. जे दुःख लक्ष्मीबाईंच्या वाट्याला आले, ते दुसऱ्या कोणा घराच्या वाट्याला येऊ नये, असे त्यांच्या मनात होते की काय, हे आपण तर्कानेच जाणायचे.

दरबाराला आयुष्य मात्र थोडे लाभले. टिळकांची प्रकृती ढासळत गेली. १९१९ सालचा ईस्टर २० एप्रिलला होता. त्यानंतर तीन आठवडेही झाले नव्हते, तोच ९ मे रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले. पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण यांच्या मधले जे चाळीस दिवस ख्रिस्ती मंडळी पाळते, त्यांतलाच तो एक दिवस. ख्रिस्ती रिवाज दफनाचा. परंतु टिळकांच्या इच्छेनुसार त्यांच्या देहाला अग्नी देण्यात आला आणि रक्षा नगरला नेण्यात आली. देहाचे काय होते यावर पुनरुत्थान अवलंबून नाही, अशी त्यांची खात्री असली पाहिजे.

त्यांच्या पश्चात दरबार त्या रूपात टिकला नाही. जे. सी. विन्स्लो या इंग्रज धर्मोपदेशकाने टिळकांचे चरित्र लिहिले आणि १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन करताना भारतीय आश्रमाचा आदर्श पुढे ठेवला. त्यात टिळकांच्या विचारांचा अंश होता.

एक काम अपुरे राहिले होते. १९०९ साली टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य आरंभिले होते. दहाएक अध्याय झाले आणि लेखणी थांबली. येशूचे बालपण तेवढे रंगले; क्रूस आणि क्रुसापलीकडची पहाट कवीच्या हातून लिहून व्हायची राहूनच गेली. ते काम लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ज्यांनी कधी शाळेचे तोंड पाहिले नव्हते, ज्यांना टिळकांनीच अक्षरओळख करून दिली होती आणि ज्यांनी एके काळी पंढरपुरात या ख्रिस्तापायी डोळ्यांतले पाणी आटवले होते, त्या बाईंनी एकामागून एक असे चौसष्ट अध्याय रचले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या निवर्तल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून निघाले ते १९३८ साली.