मिरजेचे डॉ. वानलेस : सेवा, धर्मप्रसार आणि संस्था

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील सेवाभावी मंडळी सुटीच्या दिवशी मुरबाड-शहापूरकडील आदिवासी पाड्यांवर आरोग्य शिबिरे भरवितात. हेतू निःसंशय चांगला असतो. परंतु सायंकाळी गाडी परत फिरते आणि रात्री तापाने फणफणलेल्या मुलाला कोठे न्यावयाचे, हा प्रश्न पाड्यावर तसाच उरतो. अशा वेळी मिरजेच्या डॉ. विल्यम जेम्स वानलेस यांचे चरित्र आठवणे बोधप्रद ठरेल.

वानलेस यांचा जन्म १८६५ साली कॅनडात झाला. न्यूयॉर्क येथे वैद्यकाचे शिक्षण पुरे करून १८८९ साली ते अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. ते केवळ शल्यविशारद म्हणून आलेले नव्हते. ख्रिस्ताचा संदेश पोहोचविणे हा त्यांच्या येण्यामागील उघड हेतू होता. त्या काळी मिशनरी खेडोपाडी दौरे काढीत, तंबू ठोकीत, औषध देत आणि प्रवचनही करीत. पण मोतीबिंदू काढलेल्या रुग्णाला पुढे कित्येक दिवस निगराणीखाली ठेवावे लागे. मुक्काम हलविणाऱ्या तंबूला ते कसे साधणार? सांगलीत दवाखाना चालविल्यानंतर वानलेस मिरजेस आले आणि १८९४ साली तेथे रुग्णालय उभे राहिले.

त्यांची खरी दूरदृष्टी मात्र पुढच्या पावलात दिसते. एका शल्यविशारदाचे हात दोनच. तेव्हा १८९७ साली त्यांनी मिरजेत वैद्यकीय विद्यालय सुरू करण्यात पुढाकार घेतला. मिशनऱ्यांनी भारतात काढलेले ते पहिले वैद्यकीय विद्यालय मानले जाते. प्लेग आणि दुष्काळ यांनी महाराष्ट्र होरपळत होता ते हे दिवस. १९०० साली कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान झाले, १९२० साली क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम. त्या परिसराला पुढे वानलेसवाडी हेच नाव पडले. १९२८ साली त्यांना सर हा किताब मिळाला, त्याच वर्षी त्यांनी भारत सोडला, आणि १९३३ साली कॅलिफोर्नियात त्यांचे निधन झाले. वैद्यकनगरी म्हणून मिरजेचा जो लौकिक झाला, त्याचा पाया या चार दशकांत घातला गेला.

या कार्यावरील आक्षेप दृष्टिआड करून चालणार नाही. वैद्यकसेवेच्या आडून धर्मांतर करू नये, अशी गांधीजींची भूमिका होती. मध्य प्रदेश शासनाने नेमलेल्या नियोगी समितीनेही १९५६ च्या अहवालात हाच मुद्दा मांडला. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मला त्यात तथ्य वाटते. देवघेव करणाऱ्या दोघांपैकी एक वेदनेने तळमळत असेल, तर तो व्यवहार बरोबरीचा राहत नाही. औषधाच्या आशेने बसलेल्या माणसाने ऐकलेले प्रवचन हे स्वेच्छेने ऐकलेले म्हणता येईल काय? हा दोष केवळ मिशनऱ्यांचा आहे असेही नाही. शिबिराच्या मांडवावर देणगीदाराचे नाव आणि पुढाऱ्याचे छायाचित्र झळकते, तेव्हा रुग्णाच्या अगतिकतेचा असाच उपयोग करून घेतला जात असतो. फरक इतकाच की, वानलेस यांनी त्या मोबदल्यात चाळीस वर्षांचे आयुष्य तरी ओतले.

आमच्या शास्त्रात उपभोग आणि भांडवलनिर्मिती यांत भेद करतात. शिबिरातील गोळ्या हा उपभोग होय. आठवडाभरात त्या संपतात. रुग्णालय, विद्यालय आणि शिकून तयार झालेले स्थानिक मनुष्यबळ हे भांडवल होय. संस्थापक गेल्यावरही ते फळ देत राहते. वानलेस यांच्या धर्माशी आपले मतभेद असू शकतील. त्यांच्या चिकाटीशी मतभेद असण्याचे कारण नाही.

तेव्हा धर्मप्रसाराला विरोध करणाऱ्यांनी पाड्यावर स्वतः काय उभे केले, हेही सांगावे. शिबिरांच्या अहवालात तपासलेल्या रुग्णांचा आकडा ठळकपणे छापतात. त्याच्या शेजारी आणखी एक आकडा यावा : त्या पाड्यांवरील किती मुली परिचारिका होऊन आपल्या गावी परतल्या?