गोव्याहून आफ्रिकेस गेलेले गोन्सालो द सिल्व्हेरा

केळापूरच्या काळ्या रानांत राहणाऱ्या आपल्या वाचकांस कापसाचें मोल सांगावयास नको. साडेचारशें वर्षांपूर्वीं हिंदुस्थानचें सुती कापड व मणी हीं आफ्रिकेंतील झांबेझी नदीच्या खोऱ्यांत नाण्याच्या जागीं चालत. तिकडून सोनें व हस्तिदंत येई. ह्याच व्यापाराच्या वाटेनें इ. स. १५६० च्या जानेवारींत गोव्याहून एक पाद्री निघाले. त्यांस सोनें नको होतें.

गोन्सालो द सिल्व्हेरा यांचा जन्म १५२६ सालीं पोर्तुगाल देशांत एका सरदार घराण्यांत झाला. ते दहावें अपत्य. आईबाप लवकर वारल्यामुळें बहिणीनें त्यांस वाढविलें. कोइंब्रा येथें शिकत असतां ते रोमन पंथांतील येशूसंघास मिळाले, आणि १५५६ सालीं त्या संघाचे हिंदुस्थानांतील मुख्याधिकारी होऊन गोव्यास आले. आवेश दांडगा, परंतु माणसांच्या दुबळेपणाशीं गोडीनें वागण्याची हातोटी त्यांच्या ठायीं नव्हती, व हें ते स्वतःच कबूल करीत. तीन वर्षांनीं अधिकार दुसऱ्याकडे गेला, तेव्हां त्याच दुसऱ्याच्या आज्ञेनें ते आफ्रिकेस गेले. काल सर्वांचा वडील असलेल्यानें आज साधा शिपाई व्हावें, हें सर्वांसच साधत नाहीं.

प्रथम ते आंद्रे फर्नांडिस या सोबत्यासह केप कोरियेंतिसच्या बाजूस ओटोंग्वे येथें गेले. सात आठवड्यांत तेथील गांबा नांवाच्या राजानें व सुमारे ४५० लोकांनीं बाप्तिस्मा घेतला. सात आठवडे! आपल्या खेड्यांतील उपदेशकांस एका कुटुंबाची तयारी करण्यास किती पावसाळे लागतात, हें त्यांनींच मनांत आणावें. नंतर ह्या नव्या कळपाची काळजी फर्नांडिस यांच्यावर सोंपवून सिल्व्हेरा झांबेझीच्या वाटेनें मोनोमोटापा नांवाच्या मोठ्या राजाच्या राजधानीकडे निघाले.

१५६० च्या नाताळच्या सुमारास ते तेथें पोंचले. राजा तरुण होता. त्यानें सोनें व गुरें पुढें केलीं. पाहुण्यानें तीं घेतलीं नाहींत. व्यापाऱ्यांचीच ओळख असलेल्या दरबारास ह्याचें मोठें नवल वाटलें. थोड्याच आठवड्यांत राजाचा व राजमातेचा बाप्तिस्मा होऊन त्यांस सेबास्तियन व मारिया हीं नांवें मिळालीं, आणि पुष्कळ सरदार त्यांच्या मागोमाग आले.

पण जें इतक्या लवकर उगवलें त्यास मूळ फुटलेलें नव्हतें. दरबारांतील मुसलमान व्यापाऱ्यांस पोर्तुगीजांची भीति वाटे, आणि ती अगदींच निराधार नव्हती. त्यांनीं राजाचे कान भरले कीं, हा मनुष्य हेर व चेटक्या असून बाप्तिस्म्याच्या पाण्यानें राज्य हिरावून घेणार. तरुण राजा फिरला. आंतोनियो कायादो या पोर्तुगीज व्यापाऱ्याकडून सिल्व्हेरा यांस धोका कळला. पण ते हलले नाहींत. शेवटच्या दिवशीं त्यांनीं आणखी सुमारे पन्नास जणांस बाप्तिस्मा दिला, आणि जवळचें कापड व मणी त्यांस वांटून टाकले. १५६१ च्या मार्च महिन्यांत एके रात्रीं झोंपडींत शिरून मारेकऱ्यांनीं दोरीनें त्यांचा गळा आवळला व देह मुसेंगेझी नदींत टाकला. वय ३५ वर्षांचें होतें.

पुढें पोर्तुगालच्या राजानें ह्या खुनाचें निमित्त करून सैन्य धाडलें. डोळा सोन्याच्या खाणींवरही होता. सेनापति फ्रान्सिस्को बारेतो हे सिल्व्हेरा गोव्यास असतां तेथील गव्हर्नर होते. त्यांची फौज तापानें व लढायांनीं खचली, आणि १५७३ सालीं तेही सेना येथें वारले. राजधानी दूरच राहिली.

ओटोंग्वे येथें फर्नांडिस एकटे सुमारे दोन वर्षें उपासमार व आजार सोशीत राहिले. अखेर त्यांस गोव्यास परत बोलाविण्यांत आलें. त्या ४५० जणांस शिकवावयास मागें कोणी उरलें नाहीं.

येशूसंघानें झांबेझीची मोहीम नव्यानें उभारली ती १८७९ सालीं. आज झिंबाब्वे देशांत हरारे शहराजवळ सिल्व्हेरा यांच्या नांवाची एक संस्था आहे. ती १९६४ सालीं स्थापन झाली, आणि खेड्यांतील शेतकरी व पुढारी यांस शिक्षण देणें हें तिचें काम.