अंधांचा अक्षरदाता लुई ब्रेल

शाळेंत नवीं साधनें आलीं म्हणजे शिक्षणहि आपोआप नवें होतें, अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु साधन कितीहि कौशल्यानें बनविलेलें असलें, तरी तें शिकविणाराच्या सोयीचें आहे कीं शिकणाराच्या, हा प्रश्न शिल्लक राहतोच. या प्रश्नाचें उत्तर एका विद्यार्थ्यानें वयाच्या पंधराव्या वर्षीं दिलें, आणि तें जगास पटावयास तीस वर्षें लागलीं. त्या विद्यार्थ्याचें चरित्र आम्ही आज आमच्या तरुण वाचकांपुढें ठेवीत आहों.

लुई ब्रेल याचा जन्म ता. ४ जानेवारी १८०९ रोजीं फ्रान्स देशांत, पॅरिसच्या पूर्वेकडील कूव्रे नांवाच्या खेड्यांत झाला. त्याचे वडील जिनगर होते. त्यांच्या कारखान्यांत घोड्यांचीं खोगिरें व लगाम तयार होत. तीन वर्षांचा लुई एके दिवशीं वडिलांची नक्कल करीत चामड्यास भोंक पाडूं लागला, तों आरी निसटून त्याच्या डोळ्यांत शिरली. जंतुघ्न औषधें त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतीं. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यांत गेला आणि पांचव्या वर्षाच्या सुमारास मुलाची दृष्टि पूर्णपणें नाहींशी झाली.

त्या काळीं गरीब घरच्या अंध मुलाच्या वांट्यास बहुधा भिक्षापात्रच येई. परंतु या आईबापांनीं आपल्या मुलास कोपऱ्यांत बसवून ठेविलें नाहीं. गांवचे धर्मगुरु व शाळेंतील शिक्षक यांनींहि त्यास आधार दिला. डोळस मुलांच्या शेजारीं बसून, केवळ कानांनीं ऐकून, तो धडे आत्मसात् करीत असे. पुढें १८१९ सालीं, दहा वर्षांचा असतां, पॅरिस येथील अंध मुलांच्या राजाश्रित विद्यालयांत त्याचा प्रवेश झाला.

हें विद्यालय व्हालांतें आऊई या परोपकारी गृहस्थानें अठराव्या शतकाच्या अखेरीस स्थापिलें होतें. अंधांस वाचावयास शिकवितां येईल, हें आऊई यांनीं सिद्ध करून दाखविलें, हे त्यांचे उपकार मोठे आहेत. ओल्या जाड कागदावर मोठे ठसे दाबून ते अक्षरें उठावदार करीत, व मुलें त्यांवरून बोटें फिरवीत. पाहणारांस हें दृश्य आश्चर्यकारक वाटे. परंतु हीं अक्षरें मूळचीं डोळ्यांकरितां घडलेलीं होतीं. त्यांचीं वळणें व गांठी डोळ्यास एका दृष्टिक्षेपांत कळतात; बोटास मात्र प्रत्येक अक्षराभोंवतीं प्रदक्षिणा घालावी लागे. ओळ संपेपर्यंत वाक्याचा आरंभ विसरून जाई. पुस्तकें अवजड व महाग, म्हणून मोजकीं. शिवाय हीं अक्षरें मुलांस वाचतां आलीं तरी सहज लिहितां येत नसत. आणि जो लिहूं शकत नाहीं, त्याचें शिक्षण अर्धेंच राहतें.

१८२१ च्या सुमारास शार्ल बार्बिए नांवाचे एक निवृत्त लष्करी अधिकारी आपली एक लेखनपद्धति घेऊन विद्यालयांत आले. तींत अक्षरांच्या ठिकाणीं उठावाचीं टिंबें होतीं. दोन उभ्या रांगांत प्रत्येकीं सहापर्यंत, म्हणजे एका खुणेस बारापर्यंत टिंबें लागत. टिंब बोटास तत्काळ कळतें, हें मुलांच्या लगेच ध्यानांत आलें. तथापि बारा टिंबें बोटाच्या एका टोंकाखालीं मावत नसत, आणि खुणा केवळ ध्वनींच्या असल्यामुळें शुद्धलेखन व विरामचिन्हें यांस तेथें जागाच नव्हती.

लुईनें या दोषांवर बोट ठेविलें. तें बोट खरोखरीच परीक्षकाचें होतें. कारण तें अंधाचें होतें. सुटींत व फावल्या वेळीं त्यानें हाच उद्योग चालविला, आणि १८२४ सालापर्यंत त्याची लिपि बहुतांशीं सिद्ध झाली. त्यानें बारा टिंबांचीं सहा केलीं. दोन उभ्या रांगा, प्रत्येकींत तीन. एवढी आकृति बोटाच्या टोंकाखालीं एकदम मावते. सहा टिंबांपासून ६३ निरनिराळ्या खुणा होतात. पहिल्या दहा अक्षरांस वरचीं चारच टिंबें पुरतात. त्यांत डावीकडील खालचें टिंब मिळविलें कीं पुढील दहा अक्षरें होतात. खालचीं दोन्ही मिळविलीं कीं त्यापुढचीं. अशी सुलभ व्यवस्था असल्यामुळें ती पाठ करण्यास श्रम पडत नाहींत. लिहिण्यास एक खांचांची पट्टी व एक अणकुचीदार टोचणी पुरे. कागदाच्या पाठीवर उजवीकडून डावीकडे टोंचावें, आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचावें. लहानपणीं ज्या आरीनें त्याची दृष्टि नेली, तिचीच जणूं ही धाकटी बहीण होती.

१८२९ सालीं ब्रेल यांनीं आपली पद्धति पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली, आणि १८३७ च्या आवृत्तींत ती अधिक निर्दोष केली. संगीताच्या स्वरांसहि त्यांनीं याच टिंबांत बसविलें. एव्हांना ते त्याच विद्यालयांत शिक्षक झाले होते, व पॅरिसच्या एका चर्चमध्यें ऑर्गन वाजवीत असत. विद्यालयाची जुनी इमारत अत्यंत दमट होती. तरुणपणींच क्षयरोगानें त्यांस गांठलें.

मुलांनीं ही लिपि आनंदानें उचलली, परंतु विद्यालयाच्या चालकांनीं ती सहजासहजीं स्वीकारली नाहीं. डोळस शिक्षकांस ती वाचतां येत नव्हती. अंधांची लिपि निराळी झाली तर ते समाजापासून निराळे पडतील, अशीहि भीति होती. १८४० सालीं आलेल्या नव्या संचालकांनीं उठावाच्या दुसऱ्या अक्षरांचा पुरस्कार केला व टिंबांच्या लिपीस मज्जाव केला. मुलें ती चोरून लिहीत राहिलीं.

ब्रेल यांनीं या आक्षेपाशीं भांडण केलें नाहीं. त्यांनीं त्याचा विचार केला. १८३९ सालींच त्यांनीं टिंबांनीं नेहमींचीं अक्षरें रेखाटण्याची एक निराळी रीत प्रसिद्ध केली होती, म्हणजे अंध मुलानें लिहिलेलें पत्र त्याच्या डोळस आईस वाचतां यावें. हें काम फार चिकाटीचें असे. पिएर फूको या अंध माजी विद्यार्थ्यानें १८४१ सालीं त्याकरितां एक यंत्रहि बनविलें. पुढें उपसंचालक जोझेफ गादे यांस या लिपीचें महत्त्व पटलें, आणि १८४४ सालीं नव्या इमारतीच्या उद्घाटनसमारंभांत तिचें प्रात्यक्षिक सर्वांसमक्ष झालें. बंदी गळून पडली.

ता. ६ जानेवारी १८५२ रोजीं, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षीं, ब्रेल यांचें देहावसान झालें. १८५४ सालीं विद्यालयानें त्यांची लिपि अधिकृतपणें स्वीकारली. तें पाहण्यास ते राहिले नव्हते. १९५२ सालीं, मृत्यूस शंभर वर्षें झाल्यावर, त्यांचे अवशेष पॅरिसच्या पाँतेऑं या राष्ट्रीय स्मारकांत नेण्यांत आले. त्यांचे हात मात्र कूव्रे गांवानें आपल्यापाशींच ठेवून घेतले.

१९५१ सालीं भारतीय भाषांकरितां भारती ब्रेल ठरली, आणि आपली मराठीहि त्याच सहा टिंबांत आली. आपला ‘क’ डाव्या रांगेंतील वरच्या व खालच्या टिंबांचा होतो. ही ब्रेल यांनीं रोमन लिपींतील त्याच उच्चाराच्या अक्षरास दिलेलीच खूण होय. आज संगणकास जोडलेल्या पट्टीवर बारीक खिळे वरखालीं होऊन बोटाखालीं ओळीमागून ओळ उमटते. यंत्र नवें झालें, परंतु टिंबांची मांडणी अद्यापि त्या पंधरा वर्षांच्या मुलाचीच आहे.

आऊई, बार्बिए आणि पुढचे संचालक, हे सर्व सज्जन होते व मुलांचें हितच इच्छीत होते. परंतु आपल्याला जें सोपें, तें मुलालाहि सोपें, असें कोणी गृहीत धरलें. कोणाचें साधन बोटापर्यंत येऊन बोटाच्या मापाचें झालें नाहीं. म्हणून विद्यार्थ्यांनो, शाळेंतील एखादें साधन तुम्हांस अडत असेल, तर तें कोठें अडतें हें नीट न्याहाळा आणि निर्भयपणें सांगा. व आम्ही शिक्षकांनीं तें ऐकून घ्यावें. आमच्या वर्गांतील मागच्या बांकावरहि एखादा लुई बसलेला असूं शकेल.