लोक काय म्हणतील? – आर्सचे संत जॉन मेरी व्हियानी



४ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा संत जॉन मेरी व्हियानी ह्यांचा सण साजरा करते. धर्मगुरूंचे आश्रयदाते संत म्हणून ते आपल्याला ठाऊक आहेत. पण त्यांच्या जीवनातील एका बाजूकडे आपले फारसे लक्ष जात नाही. लोक काय म्हणतील, ह्या भीतीने आपल्यापैकी कितीतरी जण शास्त्रवाचनासाठी पुढे येत नाहीत, भावाशी तुटलेले बोलणे पुन्हा सुरू करीत नाहीत आणि ऐपत नसताना कर्ज काढून लग्ने करतात. लोकांच्या बोलण्याचा मार व्हियानींनी तरुणपणापासून सोसला.

त्यांचा जन्म ८ मे १७८६ रोजी फ्रान्समधील लियों शहराजवळ दार्दिली गावी शेतकऱ्याच्या घरात झाला. ते राज्यक्रांतीचे दिवस होते. १७९९ साली त्यांनी प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकारले तेही लपून, एका घरात. आतला दिव्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून खिडक्यांसमोर गवताच्या गाड्या उभ्या केल्या होत्या. अशा काळात शाळा कुठली! धर्मगुरू होण्यासाठी लॅटिन शिकायला ते एकुली येथील फादर बाले ह्यांच्याकडे गेले तेव्हा वीस वर्षांचे झाले होते आणि सोबती लहान मुले होती. शिकवलेले डोक्यात राहत नसे. एकदा एका मुलाने चिडून त्यांना मारले. व्हियानी उलट त्याच्यापुढे गुडघे टेकून क्षमा मागू लागले. तो मुलगा, मातियास लोरास, पुढे अमेरिकेत मिशनरी बिशप झाला.

१८०९ मध्ये नेपोलियनच्या सैन्यात भरती होण्याचा हुकूम आला. आजारपणामुळे ते तुकडीच्या मागे पडले आणि डोंगरातल्या एका गावात लपून राहिले. पळपुटा हा शिक्का बसला. १८१० च्या माफीनंतर ते परतले. १८१३ मध्ये लियोंच्या सेमिनरीत गेले, तर लॅटिन येत नाही म्हणून तेथून घरी पाठवण्यात आले. फादर बाले मात्र ठाम राहिले. त्यांनी वरिष्ठांकडे रदबदली केली आणि १३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रेनोबल येथे व्हियानींना गुरुदीक्षा मिळाली. दीक्षेसाठी ते तिथवर एकटेच पायी गेले होते. तरीही सुरुवातीचे काही महिने त्यांना पापनिवेदन ऐकण्याची परवानगी नव्हती. ज्या माणसाने पुढे आयुष्य पापनिवेदनाच्या कोठडीत घालवले, त्याचीच ही गोष्ट!

फेब्रुवारी १८१८ मध्ये त्यांना आर्स ह्या खेड्यात पाठवण्यात आले. वस्ती जेमतेम २३० माणसांची. दारूचे गुत्ते मात्र भरलेले असत आणि रविवारी देऊळ रिकामे. व्हियानींनी गुत्त्यांवर व नाचगाण्यांवर प्रवचनांतून कडक टीका सुरू केली. खरे सांगायचे तर आम्हांला ते सुरुवातीला जरा जास्तच कठोर वाटतात. नाच सोडत नाही म्हणून एखाद्याला पापक्षमा नाकारणे आज आपल्याला पटणार नाही. पुढे ते स्वतःच पुष्कळ सौम्य झाले. पण त्या वेळी गाव दुखावले गेले आणि दुखावलेल्या माणसांनी सूड घेतला. धर्मगुरुनिवासाच्या दारावर घाण फासली गेली. निनावी पत्रे आली. शेजारच्या एका अविवाहित मुलीला मूल झाले तेव्हा लोकांनी थेट त्यांच्याकडेच बोट दाखवले. रात्री खिडकीखाली येऊन कुणीतरी ओरडत असे.

ह्या सगळ्याचे त्यांना काहीच वाटले नाही, असे आम्ही म्हणणार नाही. ते इतके खचले की आर्स सोडून जावे असे त्यांच्या मनात आले. त्यांनी गाव सोडले नाही आणि अफवा पसरवणाऱ्यांची नावेही शोधली नाहीत. बिशपांकडून चौकशी झाली. त्यात ते निर्दोष ठरले.

गावाबाहेरचा विरोध तर सहधर्मगुरूंकडूनच आला. दूरदूरची माणसे पापनिवेदनासाठी आर्सला येऊ लागली, तेव्हा आसपासच्या काही धर्मगुरूंना ते रुचले नाही. हा अशिक्षित, फाटका झगा घालणारा माणूस लोकांना काय सल्ला देणार, असा त्यांचा सूर होता. एकाने तर इतके अल्प धर्मशास्त्र जाणणाऱ्याने पापनिवेदनाच्या कोठडीत बसूच नये, असे त्यांना लिहून कळवले. व्हियानींनी उत्तरात त्यांचे आभार मानले. आपल्याला खरे ओळखणारे तुम्हीच, तेव्हा ह्या पदावरून सुटका व्हावी म्हणून मदत करा, अशी विनंती केली. ते वाचून त्या धर्मगुरूंनी आर्सला येऊन त्यांची क्षमा मागितली.

दुसरी गोष्ट त्याहून मोठी. व्हियानी अपात्र आहेत, अशी तक्रार बिशपांकडे करण्यासाठी धर्मगुरूंमध्ये एक पत्र सह्यांसाठी फिरत होते. चुकून ते व्हियानींच्याच हाती पडले. आपण असतो तर काय केले असते? पत्र फाडले असते, निदान कुणाकुणाच्या सह्या आहेत ते तरी लिहून ठेवले असते. त्यांनी पत्र वाचले, खाली स्वतःची सही केली आणि ते पुढे बिशपांकडे पाठवून दिले. त्यात नाटक नव्हते. पत्रातला मजकूर त्यांना मनापासून खरा वाटत होता. आपण अज्ञानी आहोत, हे त्यांनी देवापुढे रोज कबूल केले होते. तेच चारचौघांत कुणी उघड करील, ह्याचे भय त्यांना उरले नव्हते.

बिशप देवी ह्यांनी त्यांना आर्समध्येच ठेवले आणि त्यांच्यावर विश्वास दाखवला.

लोकांच्या निंदेपेक्षा स्तुती पचवणे कठीण, असे आम्हांला वाटते. पुढे आर्सच्या दुकानांत त्यांच्याच तसबिरी विकल्या जाऊ लागल्या. बिशपांनी मानाची झूल खांद्यावर घातली, ती त्यांनी पन्नास फ्रँकना विकून पैसे दानधर्माला दिले. १८५५ साली सरकारने सन्मानपदक दिले, तेव्हा त्यातून गरिबांसाठी काही रक्कम मिळते का, एवढेच त्यांनी विचारले.

एक भीती मात्र त्यांना कधीच सोडून गेली नाही. आपण प्रमुख धर्मगुरूपदाला लायक नाही, ह्या विचाराने त्यांनी आर्समधून निघून जाण्याचा प्रयत्न एकदा नव्हे, अनेकदा केला. १८५३ मध्ये तर रात्री निघाले असता गावकऱ्यांनी घंटा वाजवून माणसे गोळा केली आणि त्यांची वाट अडवली. ते परतले आणि पापनिवेदन ऐकायला बसले. उन्हाळ्यात दिवसाचे सोळा-सोळा तास ते त्या कोठडीत असत.

जुलै १८५९ च्या अखेरीस कडक उन्हाळ्यात अंथरूण धरेपर्यंत हा क्रम चालू राहिला. ४ ऑगस्टच्या पहाटे त्यांनी देह ठेवला. पोप पायस अकरावे ह्यांनी १९२५ साली त्यांना संतपद बहाल केले. आर्सच्या त्या खेड्यात त्यांच्या अंत्यविधीला सहा हजारांवर माणसे जमली होती, आणि त्यांत धर्मगुरू होते तीनशे.